उन्हाळ्याच्या संध्याकाळी बसायचे कुठे?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

एप्रिल उजाडला की आपल्या वृत्तपत्रात दोन विषय दरवर्षी हमखास येतात. एक, बेळगावला पाणी पुरवणाऱ्या राकसकोप जलाशयाची घटत चाललेली पातळी आणि दुसरा, शहरातील उद्यानांची दुरवस्था. पहिल्यावर लिहिणारे जाणकार पुष्कळ आहेत. दुसऱ्यावर जे छापून येते ते बहुधा मोडके झोपाळे, वाढलेले गवत आणि बंद पडलेली कारंजी यांच्याबद्दल असते. त्या तक्रारी खऱ्याच आहेत. परंतु झोपाळे नवे असले, गवत कापलेले असले आणि कारंजे थुईथुई उडत असले, तरीही उन्हाळ्याच्या संध्याकाळी चार माणसांना, त्यातही चार बायकांना, पैसे न मोजता आणि कोणी उठवणार नाही अशा भरवशाने तासभर बसता येईल अशी जागा आपल्या शहरात कमी कमी होत चालली आहे, याकडे कोणाचे लक्ष गेलेले दिसत नाही. त्यासाठी हा पत्रप्रपंच.

बेळगावच्या उन्हाळ्याचे एक वैशिष्ट्य बाहेरच्यांना सांगावे लागते. हे शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ७५० मीटर उंचीवर आहे आणि पश्चिमेचा समुद्र सरळ रेषेत मोजला तर शंभर किलोमीटरच्या आत आहे. त्यामुळे एप्रिलमध्ये दुपारी पारा ३५ ते ३७ अंशांपर्यंत चढला, तरी ऊन कलल्यावर घाटाकडून वारा येऊ लागतो आणि दिवे लागेपर्यंत हवा पालटते. आमच्या लहानपणी बेळगावला गरिबांचे महाबळेश्वर म्हणत. कोल्हापूर, सांगली, पुणे येथील नातेवाईक सुट्टीत मुलाबाळांसह येथे येऊन राहत, ते आमच्या पाहुणचाराच्या ओढीने येत असत असा आमच्या घरातील वडीलधाऱ्यांचा गोड समज होता. खरे कारण ही संध्याकाळची हवा होती. दुपारभर दार लोटून अंधाऱ्या माजघरात पडून राहायचे आणि पाच वाजता चहा झाला की घराबाहेर पडायचे, असा उन्हाळ्याच्या दिवसाचा क्रमच ठरलेला असे.

बाहेर पडून कोण कोठे जाई, तेही जवळपास ठरलेले होते. शहापूरकडील मंडळी शिवाजी उद्यानाकडे आणि कपिलेश्वराकडे वळत. टिळकवाडीकरांचा ओढा व्हॅक्सीन डेपोच्या झाडीकडे असे. ज्यांना लांब चालायची हौस होती ते कॅम्पातील रुंद, झाडांनी झाकलेल्या रस्त्यांनी थेट हिंडलग्याच्या गणपतीपर्यंत जाऊन येत. आम्ही जुन्या शहरातील गल्लीत राहणारी माणसे. आमचा मुक्काम किल्ला तलावाच्या काठावर असे.

ज्या किल्ल्यावरून या तलावाला नाव मिळाले तो इ. स. १२०४ च्या सुमारास, रट्ट राजवटीत उभा राहिला, हे आपल्या वाचकांना ठाऊकच आहे. किल्ल्यातील कमल बस्ती हे जैन मंदिर त्याच काळातील. पण तलावाच्या काठावर बसणाऱ्यांना इतिहासाचे काही पडलेले नसे. त्यांना पाणी, वारा आणि टेकायला दगड एवढेच हवे असे. तो दगड दिवसभर तापलेला असे आणि सूर्य मावळेपर्यंत ऊन धरून राही, म्हणून जाणत्या बायका घरून वाकळेचा एखादा तुकडा किंवा जुन्या सतरंजीची घडी काखेत मारून आणत. ज्या नव्याने लग्न होऊन आलेल्या असत त्यांना हे माहीत नसे. त्या बसत आणि लगेच उठत, आणि मग कोणीतरी आपल्या घडीचा अर्धा भाग त्यांच्याकडे सरकवी. गल्लीतील कित्येक ओळखी अशा झाल्या आहेत.

सहाच्या सुमारास बसण्याच्या जागा भरू लागत. जागांवर कोणाचे नाव नव्हते, पण कोण कोठे बसणार ते सर्वांना माहीत असे. पेन्शनर मंडळींचा एक घोळका ट्रान्झिस्टर घेऊन येई. सायंकाळच्या बातम्या लागल्या की आजूबाजूची मुलेसुद्धा गप्प केली जात. बातम्या संपल्या की चर्चा ठरलेल्या वळणाने जाई, म्हणजे आधी पाणी, मग पाऊस आणि शेवटी सीमाप्रश्न. या सीमाप्रश्नावर नेमलेल्या महाजन आयोगाचा अहवाल १९६७ साली आला. त्यानंतर कित्येक उन्हाळे त्या अहवालातील एकेका गावाचा हिशेब या काठावर मांडला गेला आणि प्रत्येक वेळी तो नव्याने चुकीचा ठरवला गेला. २००४ साली हा वाद सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा त्या घोळक्यातील फारच थोडी माणसे उरली होती. त्यांच्यापैकी एक अण्णा मला म्हणाले होते, "आता निकाल लागंल बघ." तो अजून लागायचा आहे.

याच काठावर थोड्या अंतरावर कन्नड बोलणारी कुटुंबे बसलेली असत आणि त्यांच्या पलीकडे उर्दू बोलणारी. पुरुषांची राजकारणाची चर्चा आपापल्या भाषेत चाले. बायकांचे तसे नव्हते. पापडाचे पीठ, मुलीचे स्थळ, नळाला पाणी किती वाजता आले, हे विषय एका भाषेत सुरू होऊन दुसऱ्या भाषेत संपत आणि त्याचे कोणाला काही वाटतही नसे. ऐक्याचा गोडवा गाण्यासाठी मी हे लिहीत नाही. भांडणेही होत आणि ती दोन्ही भाषांत होत. मुद्दा इतकाच की, ज्यांच्याकडे एरवी जाण्यायेण्याचे काही कारण नाही अशा माणसांशी रोज बोलणे व्हावे, यासाठी एक ठिकाण होते.

शनिवारी काठावर वेगळी लगबग असे. त्या दिवशीच्या बाजाराला खानापूर, जांबोटीकडील बायका रानमेवा घेऊन येत आणि बाजार उलगल्यावर उरलेला माल घेऊन परतीच्या गाडीपूर्वी तासभर तळ्याकडे टेकत. पाटीत करवंदे, मेच्या अखेरीस जांभळे, कधी काजूची बोंडे. मापासाठी कडा झिजलेले एक चिपटे असे. ते शिगोशीग भरून पानाच्या द्रोणात ओतले की वर आणखी एक मूठ "पोराला" म्हणून पडे. पोर सोबत नसले तरी पडे. बायका भाव पाडून मागत, तेव्हा त्यातली एखादी म्हणे, "घे गं बाई, हे ओझं काय परत रानात न्यायचं हाय?" करवंदाचा चीक ओठांना चिकटे, द्रोणाच्या तळाशी जांभळट पाणी साठे आणि ते कपड्यावर सांडले की घरी बोलणी बसत. त्या बायका ज्या गाडीने परत जात, ती गाडी चुकेल म्हणून काठावरच्या सगळ्यांनाच घोर लागे. कोणीतरी घड्याळ पाहून "बाई, उठा आता" असे सांगे, आणि पाटीत काही उरले असेल तर ते त्याच क्षणी निम्म्या भावाने संपे.

वैशाख लागला की काठ तरुण मुलांच्या ताब्यात जाई. बेळगावची शिवजयंती वैशाख शुद्ध द्वितीयेची, आणि त्यानंतर निघणारी चित्ररथांची मिरवणूक हा आमच्या उन्हाळ्याचा कळस असे. दुसऱ्याच दिवशी, अक्षय तृतीयेला, बसवेश्वर जयंती. त्यामुळे त्या आठवड्यात शहरात कोणीच लवकर झोपत नसे. मंडळांची मुले सजीव देखाव्यांतील संवादांची तालीम तळ्याकाठी करीत. अफजलखानाचे काम करणारा मुलगा बहुधा अंगाने दांडगा आणि पाठांतराला कच्चा असे. त्याची वाक्ये दहा वर्षांच्या मुलांनासुद्धा पाठ झालेली असत आणि तो अडखळला की काठावरून एका सुरात पुरवली जात. या तालमींसाठी कोणी परवानगी मागत नव्हते आणि भाडेही भरत नव्हते, हे आजच्या मंडळांच्या कार्यकर्त्यांना सांगितले तर खरे वाटणार नाही.

पाहुण्या मुलांची एक गंमत सांगून हा भाग आटोपते. कर्नाटकातील शाळा मेअखेरीस भरतात आणि महाराष्ट्रातील त्यानंतर दोन आठवड्यांनी. त्यामुळे पुण्याची आतेभावंडे तळ्यावर हुंदडत असताना आम्ही मात्र नव्या वह्यांना कव्हरे घालत बसलेले असू. राज्य पुनर्रचनेवर आमचा पहिला वैयक्तिक आक्षेप तो होता.

आता दुसरी बाजूही सांगितली पाहिजे, कारण जुने ते सारे सोने असे म्हणणाऱ्यांपैकी मी नाही. तेव्हाचा काठ स्वच्छ नव्हता. पाण्यावर शेवाळ आणि जलपर्णी माजे, वारा पडला की दर्प येई आणि अंधार पडला की डास फोडून काढीत. दिवे मोजके होते. बायकांसाठी स्वच्छतागृह नव्हते, आणि ही एकच गोष्ट कित्येकींना घरी ठेवायला पुरेशी होती. सात वाजता जाऊन पाऊण तास बसायचे तर त्याआधी स्वयंपाक उरकलेला हवा. ज्या घरात दहा माणसे जेवायची त्या घरातील सुनेला तळे माहेरी जातानाच दिसे. ज्या बायका धुण्याभांड्याची कामे करीत, त्यांची संध्याकाळ तर आमच्या घरातच संपे. त्यामुळे काठ सर्वांचा होता असे म्हणणे खोटे ठरेल. तो मोकळा होता, एवढे म्हणता येईल. तेथे पोहोचणाऱ्याला कोणी हटकत नसे.

आज तोच काठ पाहिला तर बऱ्याच गोष्टी सुधारल्या आहेत. दिवे आले, फरसबंदी झाली, कठडे झाले. १२ मार्च २०१८ रोजी येथे ११० मीटर उंचीच्या स्तंभावर राष्ट्रध्वज चढला. तो पाहण्यासाठी बाहेरगावचे लोक मुद्दाम येतात आणि आल्यावर मान वर करून छायाचित्रे काढतात. त्याचा मला अभिमानच आहे. जानेवारी २०१६ मध्ये स्मार्ट सिटी योजनेच्या पहिल्या २० शहरांत बेळगावची निवड झाली आणि त्यानंतर शहरात ठिकठिकाणी रस्ते, पदपथ, उद्याने, चालण्याचे मार्ग यांची कामे निघाली. त्यांतील काही चांगली झाली, काही रखडली. त्या वादात मी शिरत नाही. मला बोलायचे आहे ते ज्या कल्पनेतून या जागा आखल्या जातात तिच्याबद्दल.

कल्पना अशी दिसते की, सार्वजनिक जागेत माणूस काहीतरी करायला येतो. तो चालायला येतो, म्हणून त्याला चालण्याचा मार्ग हवा. व्यायामाला येतो, म्हणून लोखंडी यंत्रे हवीत. छायाचित्र काढायला येतो, म्हणून शहराच्या नावाची रंगीत, उजळलेली अक्षरे हवीत. खायला येतो, म्हणून गाळे हवेत. या सगळ्यांची सोय झाली. जो नुसता बसायला येतो त्याची मात्र कोठेच गणना नाही. बाके असतात, नाही असे नाही. पण ती मार्गाच्या कडेला एका रांगेत, एकमेकांपासून दहा-पंधरा पावले दूर आणि सगळी एकाच दिशेला तोंड करून बसवलेली असतात. दवाखान्यात नंबर लावून बसावे तशी माणसे त्यांवर बसतात. एका बाकावर तीन माणसे मावतात. चौथी मैत्रीण आली तर तिने समोर उभे राहायचे, म्हणजे चालणाऱ्यांच्या वाटेत यायचे, आणि मग "मावशी, जरा बाजूला" हे ऐकायचे. गप्पा मारायला माणसे अर्धगोलात बसतात हे कोणत्याही गल्लीतील पारावर पाहता येते. आराखडा काढणाऱ्यांनी तो पार पाहिला नसेल असे नाही. त्यांना तो शहराला न शोभणारा वाटत असावा.

दुसरी गोष्ट वेळेची. मे महिन्यात बेळगावात सूर्य सातच्या सुमारास मावळतो, डिसेंबरमध्ये सहानंतर थोड्याच वेळात. वारा सुखावू लागतो तो मावळतीनंतर. मग बाराही महिने उद्यान रात्री आठला बंद करण्याचा नियम कोणत्या हिशेबाने होतो? थंडीत आठपर्यंत तेथे चिटपाखरू नसते आणि उन्हाळ्यात आठला तर कुठे बसल्यासारखे वाटू लागते. आमच्या भागातील एका उद्यानात गेल्या मे महिन्यात आम्ही काही जणी बसलो होतो. घरातील कामे उरकून यायलाच साडेसात वाजले होते. पावणेआठला रखवालदाराने पहिली शिट्टी मारली, आठला दुसरी, आणि मग एकेक दिवा मालवत तो आमच्याकडे आला. मुलगा चांगला होता. "आजी, मला पण घरला जायचं हाय," म्हणाला. त्याचे बरोबरच होते. त्याची पाळी आठला संपते आणि दुसऱ्या पाळीला माणूस नेमलेला नाही. आम्ही उठलो आणि फाटकाबाहेर रस्त्याच्या कडेला, दुचाक्यांच्या रांगेत उभ्या राहून उरलेले बोलणे पुरे केले. आत, झाडांखाली, अंधारात रिकामी बाके होती.

वेळेचा हा प्रश्न पूर्वीपेक्षा आज अधिक निकडीचा आहे आणि त्याचे कारण आमच्या घरांत आहे. जुन्या गल्लीतील घरे मंगळुरी कौलांची, उंच आढ्याची आणि मातीच्या जाड भिंतींची होती. त्यांत दुपार सुसह्य होई आणि रात्री कौलांच्या फटींतून ऊब निघून जाई. आता त्याच जागी स्लॅबची तीन-चार मजली घरे उभी आहेत. काँक्रीटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि संध्याकाळपासून मध्यरात्रीपर्यंत ते आत सोडत राहतो. सर्वांत वरच्या मजल्यावर राहणाऱ्याला विचारा, रात्री नऊ वाजता त्याच्या पंख्यातून कसला वारा येतो ते. ज्यांना परवडते ते वातानुकूलन यंत्र लावतात, आणि त्याचा गरम झोत शेजाऱ्याच्या खिडकीवर येतो. म्हणजे पूर्वी माणसे हौसेने बाहेर पडत, आज त्यांना बाहेर पडण्याची गरज आहे, आणि नेमक्या त्याच वेळी फाटकाला कुलूप लागते.

हीच गोष्ट फरसबंदीची. मुरमाची जमीन पाणी मारले की क्षणात निवते. सिमेंटचे पेव्हर स्लॅबसारखेच ऊन साठवतात, आणि रात्री उशिरापर्यंत चपलेतूनही त्यांची धग लागते. वळवाचा पाऊस झाला तर त्याचे पाणी मातीत न मुरता गटारात जाते. तरीही प्रत्येक सुशोभीकरणात पहिल्यांदा माती झाकली जाते. मातीने पाय मळतात, असे उत्तर मला एका जबाबदार व्यक्तीकडून मिळाले. एखादे चिंचेचे, वडाचे किंवा पिंपरणीचे जुने झाड वाचलेच, तर त्याच्या बुंध्यापर्यंत पेव्हर नेऊन भिडवतात आणि त्या झाडाला श्वास घ्यायला वीतभर जागा ठेवतात. त्याऐवजी नवी लावतात ती शोभेची झाडे, ज्यांची सावली त्यांच्या स्वतःच्या खोडावरही पडत नाही.

यावर मला नेहमी एक प्रत्युत्तर मिळते. लोकांनाच आता बसायचे नाही, असे म्हणतात. ज्याच्या त्याच्या हातात मोबाइल आहे, मुलांना शिकवण्या आहेत, सुनांना मालिका आहेत आणि तरुणांना महामार्गावरचे ढाबे, कॅफे आणि राजहंसगडावरचा सूर्यास्त आहे. यात तथ्य नाही असे नाही. माझा नातूही मित्रांना कॅफेत भेटतो. तेथे दोन तास बसायचे तर दर पाऊण तासाला काहीतरी मागवावे लागते, हे त्याने मला समजावून सांगितले तेव्हा त्याला त्यात काही वावगे वाटत नव्हते. पण लोकांना बाहेर यायचेच नाही, हे मला मान्य नाही. महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखाली १९२४ साली येथे झालेल्या काँग्रेस अधिवेशनाची शताब्दी डिसेंबर २०२४ मध्ये साजरी झाली, तेव्हा शहरभर रोषणाई करण्यात आली होती. ती पाहायला कुटुंबेच्या कुटुंबे रात्री बाहेर पडली होती. कडाक्याची थंडी होती, लहान मुलांना कानटोप्या घातल्या होत्या, आणि माणसे दिवे पाहून झाल्यावरही घरी जायला तयार नव्हती. चौकाचौकांत दुभाजकांवर, दुकानांच्या बंद पायऱ्यांवर बसून बोलत होती. ज्या शहराला बसायचे नाही, ते शहर थंडीत दुभाजकावर बसत नाही.

बायकांच्या बाबतीत तर हे अधिकच खरे आहे. पुरुषांना संध्याकाळी उभे राहायला पानाची टपरी आहे, चहाचा गाडा आहे, मंडळाचे कार्यालय आहे. मुलींना कॅफे परवडतो, किंवा परवडवला जातो. साठी उलटलेल्या बाईला देऊळ सोडून दुसरे ठिकाण उरलेले नाही. देवळातही आरतीनंतर किती वेळ रेंगाळायचे याला मर्यादा असते. गुडघे दुखत असल्यामुळे ती चालण्याच्या मार्गावर वेगाने चालू शकत नाही, आणि सावकाश चालली तर मागून येणाऱ्यांची पंचाईत होते. पूर्वी तळ्याकाठी जायचे तर गल्लीतून निघून रमतगमत पोहोचता येई. आज वाहनांच्या लोंढ्यातून रस्ता ओलांडायचा म्हणजे कोणाचा तरी हात धरावा लागतो. रस्त्याच्या अलीकडे राहणाऱ्या माझ्या एका वयस्क मैत्रिणीने केवळ या कारणाने तळे सोडले. तिला तेथील पाण्यावरचे दिवे गच्चीतून दिसतात. ती म्हणते, "बघायला काय, टीव्हीवर पण दिसतंय की."

माझ्या मागण्या खर्चिक नाहीत. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांपुरती तरी शहरातील प्रमुख उद्याने आणि तलावांचे काठ रात्री दहापर्यंत उघडे ठेवावेत आणि त्यासाठी दुसऱ्या पाळीचा रखवालदार नेमावा. तो स्त्री असेल तर उत्तमच. नवी बाके घेण्याची गरज नाही, आहेत त्यांतील काही उचलून समोरासमोर किंवा अर्धगोलात बसवावीत आणि पाठीला टेका हवा हे लक्षात ठेवावे, कारण टेका नसलेल्या बाकावर म्हातारे माणूस दहा मिनिटांच्या वर बसू शकत नाही. झाडांच्या बुंध्याभोवतीचे पेव्हर उखडून तेथे माती मोकळी करावी आणि जमल्यास साध्या दगडी पाराची रचना करावी. पिण्याच्या पाण्याचा नळ आणि चालू स्थितीतील स्वच्छतागृह, ज्याला कुलूप नाही आणि ज्याची किल्ली शोधत फिरावे लागत नाही, असे असावे. रस्ता ओलांडण्यासाठी सायंकाळी दोन तास एखादा पोलीस किंवा गृहरक्षक उभा केला तर आमच्यासारख्या अनेकींचे तळे परत मिळेल. आणि जेथे ध्वनिक्षेपकावरून दिवसभर सूचना किंवा गाणी लावली जातात, तेथे संध्याकाळी ती बंद ठेवावीत. शेजारच्या बाईचे बोलणे ऐकू यावे, इतकीच अपेक्षा आहे.

रानमेवा विकणाऱ्या बायकांबद्दलही एक विनंती आहे. त्या आजही खानापूरकडून येतात, मात्र आता त्यांना रस्त्याच्या कडेला बसू देत नाहीत, म्हणून त्या पाटी डोक्यावर घेऊन दारोदार फिरतात. अतिक्रमण हटवण्याच्या मोहिमेत मोठ्या गाड्या आणि कायमची शेडे हलवावीत, त्याला आमचा पाठिंबा आहे. दोन महिन्यांचा हंगाम असलेल्या पाटीला उद्यानाच्या फाटकापाशी दोन हात जागा दिली तर कोणाची वाहतूक अडणार नाही. करवंदांचा भाव आता द्रोणावर नसून प्लॅस्टिकच्या डबीवर ठरतो आणि वरची मूठ बंद झाली आहे, ते मी चालवून घेईन.

या पत्राची दखल घेतली गेली तर प्रथेप्रमाणे पाहणी दौरा होईल, हे मला माहीत आहे. असे दौरे सकाळी अकराला होतात. त्या वेळी बाके रिकामी असतात, ऊन कडक असते, आणि येथे कोणी बसतच नाही असा अहवाल तयार व्हायला वेळ लागत नाही. म्हणून संबंधितांना एवढीच विनंती की, त्यांनी मे महिन्यातील कोणत्याही दिवशी सायंकाळी साडेसातला यावे, गाडी लांब उभी करून रस्ता पायी ओलांडावा आणि नऊपर्यंत बसून पाहावे. सतरंजी आम्ही आणू.

कळावे, लोभ असावा.

आपली,
एक ज्येष्ठ वाचक
बेळगाव